मृगातला गुलाबी ढग आणि ५२५ पटींची थाप

'आज रात्री मृग नक्षत्रात गुलाबी-जांभळा ढग नुसत्या डोळ्यांनी दिसेल. ५२५ पट दुर्बिणीतून तर अगदी फोटोसारखा! मृगातला काक्षी (बीटलज्यूज) हा तारा याच वर्षी फुटणार आहे, किरणं बाधतील, मुलांना गच्चीवर नेऊ नका.' हा मेसेज आता मावशीनेही पाठवला, म्हणजे हद्द झाली.

'आज रात्री' कशाला? डिसेंबर ते मार्च तो ढग कुठल्याही निरभ्र रात्री तिथेच असतो. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या दक्षिणेला अंधुक ठिपक्यांची छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला, धुरकट ठिपका म्हणजे एम-४२ तेजोमेघ, वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग.

गुलाबी मात्र दिसणार नाही. अंधारात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. त्यातून हा गुलाबी म्हणजे हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, आणि त्याला दंडपेशी जवळजवळ आंधळ्याच. ढग राखाडी दिसतो, मोठ्या दुर्बिणीत फार तर हिरवट. फोटोतला रंग खोटा नाही, एवढं कबूल. कॅमेरा प्रकाश साठवत राहतो. फोन ट्रायपॉडवर लावून नाइट मोडमध्ये दहा सेकंद दिलेत तर इवलासा गुलाबी डागही येईल.

आता ते ५२५. लोक यापायी पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर. ६० मिलिमीटर भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, ४ मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग): ७०० भागिले ४, झाले १७५ पट. वर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की ५२५. गुणाकार बिनचूक आहे! पण प्रकाश गोळा होतो तो ६० मिलिमीटरमधूनच. तो इतका ताणल्यावर नेत्रिकेतून बाहेर येणारी शलाका उरते जेमतेम ०.११ मिलिमीटरची. ढग गायब, तारे भिजलेल्या साबुदाण्यासारखे. दृष्टिक्षेत्र अंशाच्या दहाव्या भागाएवढं, तेजोमेघ अंशभर पसरलेला, आणि जे काही दिसतं तेही पृथ्वीच्या फिरण्यामुळे वीस-पंचवीस सेकंदांत पळतं. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपुढे, म्हणजे इथे १२० पटींपुढे, काही हाती लागत नाही. शिवाय दुर्बीण कितीही मोठी घ्या, पसरट ढगाचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ करताच येत नाही.

त्याच दुर्बिणीला २० मिलिमीटरची नेत्रिका लावा, ३५ पट. वीस मिनिटं अंधारात बसा, मोबाइल खिशात. ढगावर नजर न रोखता किंचित बाजूला बघा. पंख पसरल्यासारखी राखाडी झाक दिसेल आणि तिच्या पोटात चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन. दुर्बीण नसेल तर १० × ५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री पुरे. तिच्यात चौकोन सुटा होत नाही, झाक छान दिसते.

राहिली काक्षी. २०१९-२०च्या हिवाळ्यात ती खरंच मंदावली होती, अफवेने तिथूनच बाळसं धरलं. जून २०२१मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या प्रतिमांसह उत्तरही आलं: ताऱ्याने वायू फेकला, पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, तिथे धूळ जमली आणि ती आड आली. तारा फुटेल, पण कधीतरी पुढच्या लाखभर वर्षांत. फुटला तरी तो पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. दिवसाउजेडी दिसेल, रात्री अर्ध्या चंद्राएवढा उजेड देईल, इजा कुणाला नाही.

तेव्हा मुलांना गच्चीवर न्या. फक्त अमावस्येच्या आसपास, आणि जिन्यातला दिवा मालवून.