कसली डोंबलाची बचत!

सुपरमार्केटात ऑफरचा पिवळा कागद दिसला की मालाचं पाकीट उलटं करून बघायची सवय आपल्याला कधी लागणार? शेंगदाणा तेलाचंच घ्या. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेजारी अगदी तसंच दिसणारं पाऊच, पण 850 ग्रॅमचं. पहिलं 140 ला, दुसरं 134 ला, आणि वर पाटी: '6 रुपये वाचवा'. अहो, त्या दरानं 910 ग्रॅमचे 143 च्या वर जातात! एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम दर छापलेला असतो. तो वाचायला भिंग लागतं, ही गोष्ट वेगळी.

मेंबरशिपचं तर विचारूच नका. 299 भरून 2 टक्के सूट असेल, तर 14,950 ची खरेदी होईपर्यंत आपलेच पैसे आपण परत मिळवत बसतो. त्यात अटींमध्ये तेल, साखर, डाळी वगळलेल्या असल्या की उरलं काय? बिस्किटं अन् शाम्पू.

आणि शेंगा चटणीसाठी 'एकावर एक फ्री' दाणे! भाजून ठेवा नाहीतर कच्चे, सोलापूरच्या उन्हाळ्यात डबा नीट बंद नसला की खवट वास सुटलाच. फुकटचा किलो थेट कचऱ्यात. वर पिशवीचे पैसे वेगळे, तेही बिल झाल्यावर कळणार.