सालोमेबाईंच्या नवऱ्याला मध्ये आणू नका

काल रात्री साडेदहाला आत्याचा फोन. महिला दिनाला मंडळात दहा मिनिटं बोलायचंय आणि विषय मिळालाय म्हणाली. विषय म्हणजे आठवडाभर फिरणारा तो फॉरवर्ड, जो मी तीनदा न वाचताच वर सरकवला होता: 'कॅरिबियनची सावित्री! डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी, पहिली स्पॅनिश कवयित्री सालोमे उरेन्या. पतीमुळे त्या कवयित्री झाल्या, राष्ट्राध्यक्षांच्या निवासात त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या निधनाने खचलेल्या पतीने अध्यक्षपद सोडलं.' खाली गुलाब आणि जोडलेले हात.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तिथेच माझं डोकं फिरलं. सालोमेबाई ६ मार्च १८९७ ला क्षयाने गेल्या. नवरा, फ्रान्सिस्को एन्रिकेस, राष्ट्राध्यक्ष झाला ३१ जुलै १९१६ ला. तब्बल एकोणीस वर्षांनी! मधे त्याचं दुसरं लग्नही झालं होतं. आणि पद गेलं ते विरहाने नव्हे, अमेरिकेमुळे. मे १९१६ मध्येच अमेरिकी सैनिक तिथे उतरले होते, जकातीची वसुली आधीपासून अमेरिकेच्या हातात. खजिना आणि फौज आमच्या माणसांच्या ताब्यात द्या, ही मागणी एन्रिकेसने मानली नाही, म्हणून अमेरिकेने जकातीचे पैसे अडवले. सरकारी नोकरांचे पगार थकले. २९ नोव्हेंबरला अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन नॅपने लष्करी अंमल जाहीर केला, डिसेंबरात एन्रिकेस देशाबाहेर. चार-साडेचार महिन्यांचं राज्य. अमेरिकेचा ताबा १९२४ पर्यंत राहिला आणि हा माणूस परदेशात त्याविरुद्ध बोलत फिरला. एवढ्या सगळ्याचं फॉरवर्डवाल्यांनी 'पत्नीविरह' करून टाकलं.

आता 'पतीमुळे कवयित्री'. सतराच्या आसपास त्या 'एर्मिनिया' या टोपणनावाने छापून येऊ लागल्या, १८७४ पासून स्वतःच्या नावाने. १८७८ मध्ये सुवर्णपदक मिळालं. लग्न फेब्रुवारी १८८० चं. नवरा आठ वर्षांनी लहान, म्हणजे पदकाच्या वेळी एकोणीस वर्षांचा पोरगा. हां, गणित आणि विज्ञान त्याने शिकवलं, हे मान्य करावं लागतं. पण कविता बाईंचीच.

शाळेचं म्हणाल तर ती ३ नोव्हेंबर १८८१ ला निघाली. तेव्हा नवरा बावीस वर्षांचा, कसलं आलंय निवासस्थान! पाठीशी होते ते पोर्तो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ ओस्तोस. १८८७ मध्ये पहिल्या सहा मुली शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी नवरा डॉक्टरकी शिकायला पॅरिसला गेला, तो परतला १८९१ ला. तोवर तीन लहान मुलगे आणि शाळा, दोन्ही बाईंनी ओढलं. सावित्रीबाईंशी तुलना करायचीच तर इथे करा, थोडी तरी शोभेल.

'पहिली' म्हणाल तर त्याच देशाच्या राजधानीत, सांतो दोमिंगोत, सोळाव्या शतकात लिओनोर दे ओवान्दो ही नन कविता करत होती. पुढे.

फॉरवर्डमध्ये मुलाचा पत्ताच नाही. बाईंची 'माझा पेद्रो' ही कविता आहे: माझा पेद्रो शिपाई नाही, त्याला सीझर-अलेक्झांडरचे मान नकोत, मुकुट असलाच तर तो विद्येच्या बागेत सापडेल. हा पेद्रो एन्रिकेस उरेन्या पुढे स्पॅनिश साहित्याचा मोठा समीक्षक झाला, १९४०-४१ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं द्यायला गेला. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या पाचशे पेसोच्या नोटेवर मायलेकांचे चेहरे आहेत. त्यात राष्ट्राध्यक्ष कुठे दिसतो का बघा.

हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग नवऱ्याबद्दल काहीच बोलू नको?"

"बोल ना. गणित शिकवलं, एवढं सांग."

"आणि ते विरहाचं?"

"आत्या!"

"बरं बरं. पण ते ऐकून बायका रडल्या असत्या गं."