जुने गॅस्केट, सिलिकॉन आणि ताकदीने आवळलेले नट : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

गाडीला आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ उत्पादकाचा नसलेला, एक्झॉस्ट स्वतः बसवू पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा आशय असा : नव्या गॅस्केटवर (सांध्यातली फट भरण्यासाठी दोन भागांमध्ये दाबून बसवायच्या चकतीवर) खर्च करण्याचे कारण नाही, जुनेच पुसून पुन्हा लावावे, शंका वाटल्यास त्यावर उष्णतारोधक सिलिकॉन फासावे, नट होतील तितके आवळावेत, आणि एवढे करूनही थोडी गळती राहिलीच, तर काजळी साचून ती आपोआप बंद होते व तोपर्यंत इंजिनाला तिचा काही त्रास नसतो. सल्ला स्वस्त आणि सोपा असल्यामुळे तो लोकप्रिय आहे. मात्र एक्झॉस्टचा सांधा थंड आणि स्थिर असतो, असे त्यात सर्वत्र गृहीत धरलेले आहे, आणि प्रत्यक्षात तो यांपैकी काहीच नसतो.

या सल्ल्यात तथ्य कोठे आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. एका पाइपात दुसरा पाइप सरकवून वरून क्लॅम्प लावला जातो, त्या सांध्याला गॅस्केट लागत नाही. व्ही-बँड क्लॅम्पच्या बहुतेक सांध्यांमध्येही धातूचे दोन घडवलेले काठच एकमेकांवर बसतात. शुद्ध तांब्याचे गॅस्केट तापवून मऊ केले, तर ते पुन्हा वापरता येते. पुढील विवेचन उरलेल्या, म्हणजे फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या सपाट धातूपट्टीच्या) सांध्यांविषयी आहे. हेडर, म्हणजे इंजिनातून वायू गोळा करणारा पहिला पाइपसंच, जिथे सिलिंडर हेडला बसतो ती जागा त्यांतली सर्वांत कठीण.

पहिला मुद्दा जुन्या गॅस्केटचा. पोलादी थरांच्या गॅस्केटवर छिद्रांभोवती बारीक उंचवटे दाबून काढलेले असतात आणि नट आवळताना तेच चेपून दोन पृष्ठभागांमधली फट भरून काढतात. ग्राफाइटचे गॅस्केट पहिल्या आवळणीत समोरच्या फ्लँजचे ओरखडे आणि चढउतार स्वतःवर उमटवून घेते. दोन्ही प्रकारांत हे चेपणे बहुतांशी कायमचे असते, त्यामुळे सांधा उघडून पुन्हा जोडल्यावर गॅस्केटमध्ये दाब धरून ठेवण्याइतकी उसळी उरत नाही. त्यात आफ्टरमार्केट एक्झॉस्टच्या बाबतीत अडचण दुप्पट होते, कारण गॅस्केटवर उमटलेला ठसा जुन्या फ्लँजचा असतो आणि समोर येतो तो नवा फ्लँज. नव्या पाइपाचा आतला व्यास बहुधा मोठा असतो. जुन्या गॅस्केटचे छिद्र त्याहून लहान असेल, तर त्याची कड वायूच्या प्रवाहात डोकावते, जळते आणि तिचे तुकडे पुढे जातात. पुढे टर्बोचे (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राचे) पाते असले, तर असा तुकडा क्षुल्लक राहत नाही. म्हणून गॅस्केट विकत घेताना बोल्टच्या छिद्रांइतकेच मधल्या छिद्राचे मापही पाहावे. ते पाइपाच्या व्यासाइतके किंवा किंचित मोठे असावे.

सिलिकॉनचा उपाय सर्वांत अधिक सुचवला जातो, आणि तोच सर्वांत लवकर फसतो. उष्णतारोधक म्हणून मिळणाऱ्या सिलिकॉनची मर्यादा साधारणतः ३०० ते ३७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पेट्रोल इंजिनावर भार असताना हेडरमध्ये शिरणारा वायू ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापलेला असतो. फ्लँजचा धातू वायूइतका तापत नाही हे खरे. पण सांध्याची आतली कड थेट वायूला लागून असते आणि तिथले सिलिकॉन जळून ठिसूळ होते. याशिवाय सांधा हलतो. ४० सेंटिमीटर लांबीचा स्टेनलेस फ्लँज ४०० अंशांनी तापला, तर सुमारे २.७ मिलिमीटरने लांबतो. त्याच वेळी पाण्याने थंड राखलेले ॲल्युमिनियमचे हेड ८० अंशांनी तापून तेवढ्याच लांबीत जेमतेम ०.७ मिलिमीटर वाढते. म्हणजे इंजिन दर वेळी तापताना आणि थंड होताना हे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून टोकापासून टोकापर्यंत सुमारे २ मिलिमीटर सरकतात. गॅस्केट हे सरकणे सहन करते, कारण ते चिकटलेले नसते, केवळ दाबलेले असते. चिकटलेला थर मात्र फाटतो. शिवाय सेन्सरला अपायकारक असलेल्या सिलिकॉनची वाफ एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर सिलिकाचा थर चढवते आणि गॅस्केटवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट किमतीचा भाग निकामी होतो. दोन गॅस्केटे एकावर एक घालण्याची सूचनाही अधूनमधून ऐकू येते. तिच्यामुळे गळतीला आणखी एक पृष्ठभाग मिळतो, एवढेच.

‘होतील तितके आवळा’ हा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण स्टड, म्हणजे नट बसतो तो आटेदार दांडा, ठरावीक ताणाखाली किंचित लांबतो आणि पुन्हा आखडू पाहणाऱ्या त्याच्या ओढीमुळेच सांधा दाबलेला राहतो. त्या मर्यादेपलीकडे ताणल्यावर तो कायमचा लांबतो आणि ओढ हरवून बसतो. सर्वसाधारण ८.८ दर्जाच्या एम ८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, पुरतो, आणि लांब दांड्याच्या पान्याने ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचे वंगण) लावले असेल, तर घर्षण घटल्यामुळे तेवढ्याच टॉर्कला ताण अधिक पडतो, ही गोष्ट अनेक जाणकारही विसरतात. दोन बोल्टच्या पातळ फ्लँजवर याचा परिणाम उघड दिसतो : दोन्ही कान वाकतात, मधला भाग उचलला जातो आणि आवळावे तितकी गळती वाढते. स्प्रिंगच्या बोल्टवर बसणाऱ्या गोल रिंग गॅस्केटची गोष्ट वेगळी आहे. तिथे बोल्ट त्याच्या खांद्यापर्यंतच जायला हवा, कारण इंजिन डोलताना तो सांधा किंचित वळण्यासाठीच केलेला असतो. स्प्रिंग काढून साधे बोल्ट गच्च आवळणारे लोक पाहिले की हा भाग मुद्दाम तसा घडवला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नसावे, असे वाटते.

गळती काजळीने बंद होते, ही समजूत मात्र निरीक्षणातून आलेली आहे, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. थंड इंजिन सुरू करताना ऐकू येणारी टिकटिक काही मिनिटांनी थांबते. पण ती थांबते धातू प्रसरण पावून फट तात्पुरती मिटल्यामुळे, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना ती पुन्हा ऐकू येते. मागच्या, तुलनेने थंड राहणाऱ्या सरकत्या सांध्यात काजळी आणि गंज यांनी बारीक फट बुजू शकते. पुढच्या फ्लँजवर तापलेली काजळी ऑक्सिजन मिळताच जळते, आणि तिथून झोताने निसटणारा वायू गॅस्केटची कड खात राहतो.

इंजिनाला गळतीचा त्रास नसतो, हे विधान सायलेन्सरजवळच्या गळतीपुरते बरेचसे खरे आहे. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर ते साफ चुकीचे ठरते. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो; दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि ज्या फटीतून वायू बाहेर जातो, तिच्यातूनच हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, मिश्रणात इंधन कमी पडते आहे असा संदेश जातो आणि हवा व इंधनाचे मिश्रण मुळात १४.७ला १ या योग्य प्रमाणात असूनही ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, इंधन वाढवतो. इंधनाचा खप वाढतो. न जळलेले इंधन आणि आत आलेली हवा वायू शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये एकत्र येऊन जळतात आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. पी ०१७१ हा मिश्रणात इंधन कमी असल्याचा दोष-कोड पाहून सेन्सर बदलला जातो, पण दोष त्याच्या चार बोटे अलीकडच्या फ्लँजमध्ये तसाच राहतो. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बाइनच्या आधी गळती असेल, तर बूस्टही, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाबही, उशिरा चढतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी निसटणाऱ्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड शुद्धीकरणाविना बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट धरतो.

नव्या गॅस्केटनेही सांधा गळू शकतो. पण त्याचे कारण बहुतेकदा पृष्ठभागात किंवा जोडणीच्या क्रमात असते. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून काढावेत आणि सरळपट्टी व फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) फ्लँजचा सपाटपणा तपासावा. संपूर्ण एक्झॉस्ट आधी सैल जोडून रबरी हँगरवर टांगावा, पाइप ओढूनताणून न बसवता एका रेषेत आणावा आणि मगच पुढून मागे आवळत यावे. हेडरचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकदा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर, गॅस्केटच्या उत्पादकाने मनाई केली नसेल तर, टॉर्क पुन्हा तपासावा. त्यानंतर सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसली, तर नट आणखी आवळण्याऐवजी सांधा उघडून फ्लँज पाहावा आणि जोडताना गॅस्केट पुन्हा नवे घालावे.