‘कुठल्याही टॅबवर लिनक्स चालतं’ हे खरं नाही

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम; उबुंटू हा तिचाच एक प्रकार. तिच्याबद्दल सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच. कुठलाही जुना टॅब घ्या, उबुंटू टाका, लॅपटॉपचे पैसे वाचवा. विंडोजचा टॅब मिळाला तर प्रश्नच नाही. फक्त रॅम बघा.’ लॅपटॉप परवडत नाही अशाच घरांमध्ये हा सल्ला पाळला जातो आणि पैसे त्यांचेच बुडतात, म्हणून हे लिहितोय.

‘अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच.’ कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, लिनक्सचा आहे, इथवर बरोबर. पण उबुंटूची एकच आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) वेगवेगळ्या कंपन्यांच्या पीसींवर चालते, कारण आपल्या आत काय काय आहे हे पीसी यूईएफआय आणि एसीपीआय या ठरलेल्या पद्धतींनी कर्नलला सांगतो. अँड्रॉइड टॅबच्या एआरएम (मोबाइलमध्ये असते त्या जातीच्या) चिपवर बहुतेक वेळा ही सोय नसते. तिथे प्रत्येक मॉडेलसाठी डिव्हाइस ट्री लागतो, म्हणजे स्क्रीन, टच, बॅटरी कुठे आणि कशी जोडली आहे याचा नकाशा. आपल्या मॉडेलसाठी तो कुणी लिहिलाच नसेल, तर स्क्रीनसुद्धा उजळत नाही. शिवाय बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्राम, उघडू द्यायचा की नाही हे कंपनीच्या हातात. टर्मक्स या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये लिनक्सचा डेस्कटॉप दाखवणारे व्हिडिओ पाहून फसू नका. तो डेस्कटॉप अँड्रॉइडच्या आत चालतो. कंपनीने अपडेट थांबवले की खालचा कर्नल तसाच जुना राहतो.

मुद्दाम लिनक्ससाठी बनवलेल्या टॅबचीही वाट सोपी नसते. २०२३ मध्ये पाइनटॅब २ आला, तेव्हा त्याच्या वायफाय चिपसाठी चालणारा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) तयार नव्हता.

‘विंडोजचा टॅब मिळाला तर प्रश्नच नाही.’ दिशा योग्य, पण खड्डे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०१२ च्या सरफेस आरटी टॅबमध्ये एआरएम चिप आहे आणि सिक्युअर बूट (मान्यता नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करायची सोय कंपनीने ठेवलीच नव्हती. २०१३ च्या असूस ट्रान्सफॉर्मर बुक टी१०० मध्ये प्रोसेसर ६४ बिटचा, फर्मवेअर (टॅब सुरू करणारा आतला प्रोग्राम) मात्र ३२ बिटचं. साध्या ६४ बिट आयएसओचा पेनड्राइव्ह त्यावर बूटच होत नाही. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने यावर तोड काढली, पण २ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती कशी वाढवणार?

‘फक्त रॅम बघा.’ मला सर्वांत घातक वाटतो तो हा सल्ला. सरफेस गोचा टच साध्या कर्नलवर चालतो. सरफेस प्रो ४ ला मात्र लिनक्स-सरफेस प्रकल्पाचा वेगळा कर्नल आणि सोबत टचसाठी आयपीटीएसडी हा प्रोग्राम लागतो. नाव सरफेसच, रॅमही सारखी असू शकते. कॅमेऱ्याचं दुखणं याहून मोठं. लॅपटॉपचा वेबकॅम बहुधा यूएसबीवर असतो, म्हणून लगेच चालतो. सरफेससारख्या बऱ्याच टॅबमध्ये कॅमेऱ्याचा सेन्सर इंटेलच्या आयपीयूला, म्हणजे चिपमधल्या चित्र तयार करणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. ड्रायव्हर आणि लिबकॅमेरा (लिनक्सचं कॅमेरा हाताळणारं सॉफ्टवेअर) दोन्ही जुळल्याशिवाय चित्र येत नाही. ऑनलाइन तासाला बसणाऱ्या मुलाला हे आधी सांगायला नको का?

तेव्हा पैसे देण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून दाखवणारा), यूएसबी हब आणि कीबोर्ड घेऊन जा. वायफाय, टच, आवाज, कॅमेरा तपासा; टॅब आडवा-उभा करा, झोपवून पुन्हा जागा करा. ऑफिसातून निघालेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड टॅब असेल तर बायोसचा (म्हणजे फर्मवेअरचा) पासवर्ड विक्रेत्याला तिथेच काढायला लावा. विक्रेता पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर तो टॅब घेऊ नका. आणि पेनने लिहायची गरजच नसेल, तर तेवढ्याच पैशांत सेकंडहँड लॅपटॉप बघा.