ग्रादाराच्या किल्ल्यात प्रेमकथा शोधू नका

इटलीतल्या रिमिनीला जाऊन नुसता समुद्र बघून परत आलेली आपली मंडळी भेटली की मला हळहळ वाटते. किनारा छानच आहे, त्यात वाद नाही. साधारण पंधरा किलोमीटरची सपाट पुळण, उथळ पाणी, पोरांना खेळायला निर्धास्त जागा. पण त्या छत्र्यांच्या रांगांकडे पाठ करून उभं राहिलं की डोंगर दिसतात, आणि त्यातल्या कितीतरी माथ्यांवर किल्ले आहेत. वेरुक्किओ, मोंतेबेल्लो, मोंतेफिओरे कोंका, सान लेओ, सान मारिनोचे तीन बुरूज, आणि किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की ग्रादारा. एवढ्याशा मुलखात एवढे किल्ले, कारण इथे दोन घराणी पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या उरावर बसली होती: रिमिनीचे मालातेस्ता आणि उर्बिनोचे मोंतेफेल्त्रो.

यातला सगळ्यात जास्त पाहिला जातो तो ग्रादारा. कात्तोलिका स्टेशनवर उतरलं की चार-पाच किलोमीटर. विटांची दुहेरी तटबंदी, तीस मीटर उंच मुख्य बुरूज, तटावरून चालत जायची वाट, खाली गाव आणि पलीकडे समुद्र. फोटोत दिसतो त्याहून प्रत्यक्षात सुंदर. आणि गावभर एकच जाहिरात: ही प्रेमिकांची राजधानी. दुकानात लाल हृदयं, भिंतीवर पाओलो आणि फ्रान्चेस्काची नावं, व्हॅलेंटाइनच्या आसपास खास कार्यक्रम, जोडप्यांचे फोटो.

मला हे पटत नाही. मुळीच पटत नाही. आणि का पटत नाही ते सविस्तर सांगते, कारण इथे जाणाऱ्या प्रत्येकाने फ्रान्चेस्काची गोष्ट पुरती ऐकून मगच आत पाऊल टाकावं असं मला वाटतं.

फ्रान्चेस्का ही राव्हेन्नाच्या पोलेंता घराण्यातली मुलगी. 1275 च्या सुमारास तिचं लग्न रिमिनीच्या जोव्हान्नी मालातेस्ताशी लावलं गेलं. ही सोयरीक राजकारणाची होती, दोन घराण्यांचं सख्य पक्कं करायला केलेली. मुलीला कोणी विचारलं असेल असं त्या काळात संभवतच नाही. नवरा लढवय्या, पायाने अधू. दीर पाओलो, त्याचंही लग्न झालेलं, त्याला मुलं होती. फ्रान्चेस्कालाही एक मुलगी झाली होती. पुढे दीर-भावजयीचं प्रेम जडलं, नवऱ्याने दोघांना एकत्र गाठलं आणि दोघांना ठार मारलं. हे घडलं 1283 ते 1285 च्या दरम्यान केव्हातरी.

आता पुढचं ऐका, जे ग्रादाराच्या दुकानांमध्ये कुठेच लिहिलेलं दिसत नाही. दोन खून करून त्या नवऱ्याचं काहीही वाकडं झालं नाही. त्याने दुसरं लग्न केलं, सत्तेत राहिला आणि 1304 मध्ये मेला. पोलेंता आणि मालातेस्ता यांचे व्यवहारही कायमचे काही तुटले नाहीत. मुलगी गेली, तह राहिला.

त्या काळातल्या एकाही बखरीत किंवा कागदपत्रात या खुनांची नोंद सापडत नाही. ही बाई आज आपल्याला माहीत आहे ती एकट्या दान्ते या इटालियन कवीमुळे. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’तल्या नरकयात्रेच्या पाचव्या सर्गात वादळात भिरभिरणाऱ्या जिवांमध्ये त्याला हे दोघं भेटतात, आणि बोलते ती फ्रान्चेस्का. पाओलो नुसता रडतो. एका सरदाराच्या सुनेला, जिचं नाव घराण्याने पुसून टाकलं असतं, तिला दान्तेने वाचा दिली. आणि एक गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. प्रेम करणाऱ्या या दोघांना त्याने नरकाच्या वरच्या, दुसऱ्या वर्तुळात ठेवलंय. मारणाऱ्या नवऱ्यासाठी मात्र अगदी तळाला, सख्ख्यांचा घात करणाऱ्यांच्या बर्फात, जागा राखून ठेवली आहे, आणि ते तिच्याच तोंडून वदवलंय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या, व्यभिचार हे पाप मानणाऱ्या, श्रद्धाळू माणसालाही कळत होतं की यात मोठा गुन्हा कोणाचा. आपल्या काळात त्याच गोष्टीचं गुलाबी पाकिट करून विकतात.

किल्ल्यात एक दालन ‘फ्रान्चेस्काची खोली’ म्हणून दाखवतात. पलंग, पडदे, पुस्तक ठेवायची घडवंची, आणि जमिनीत एक चोरदार. पाओलो त्यातून पळायला गेला आणि त्याचा अंगरखा अडकला, असं सांगतात. लोक वाकून वाकून त्या दाराचे फोटो काढतात. आमच्यासमोर एका बापाने आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला तिथे उभं करून हाताने हृदयाचा आकार करायला लावला. मला तिथे थांबवेना.

ही खोली विसाव्या शतकात सजवलेली आहे, हेही माहीत असावं. 1920 मध्ये उंबेर्तो झान्वेत्तोरी नावाच्या इंजिनिअरने पडझड झालेला हा किल्ला विकत घेऊन पदरच्या पैशाने दुरुस्त केला. त्याने हे केलं नसतं तर आज पाहायला फार काही उरलं नसतं, आणि त्याबद्दल त्या माणसाचे उपकारच मानले पाहिजेत. दालनांमधलं बरंचसं सामान मात्र नंतर आणून मांडलेलं आहे. खून याच किल्ल्यात झाला याचाही पुरावा नाही. रिमिनी आणि इतर काही गावंही त्यावर हक्क सांगतात.

आत आणखी दोन बायकांच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे बघा. पुढे पंधराव्या शतकात सिजिस्मोंदो पांदोल्फो मालातेस्ता इथला धनी होता. रिमिनीतला कास्तेल सिस्मोंदो त्याने 1437 मध्ये बांधायला घेतला, अल्बेर्ती या वास्तुविशारदाकडून चर्चचा कायापालट करून घेतला, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काकडून चित्र काढून घेतलं. कलेची जाण असलेला, धाडसी, आणि अतिशय निष्ठुर माणूस. त्याचं इसोत्ता नावाच्या प्रेयसीवरचं प्रेम गाईड मन लावून सांगतात. ते सुरू असताना घरात त्याची लग्नाची बायको होती, पोलिस्सेना स्फोर्झा. तिचा बाप फ्रान्चेस्को स्फोर्झा, इटलीतला नावाजलेला सेनापती. 1446 मध्ये याच सासऱ्याने जावयाच्या ग्रादाराला वेढा घातला. सिजिस्मोंदोने किल्ला टिकवला. दरवेळी त्या वेढ्याचं शौर्य सांगितलं जातं. बाप बाहेरून तोफा डागतोय आणि नवरा आतून लढतोय, त्या वर्षी पोलिस्सेनाचे दिवस कसे गेले असतील, हे कोणी सांगत नाही. तीन वर्षांनी, 1449 मध्ये, ती मेली. प्लेगने, असं घरच्यांचं म्हणणं. नवऱ्याने मारवली, असं त्याच्या शत्रूंचं. सिद्ध काहीच झालं नाही. सिजिस्मोंदोचा कट्टर वैरी पोप पायस दुसरा याच्याही आरोपांमध्ये हा खून होता, आणि त्याने तर रोममध्ये सिजिस्मोंदोचा पुतळा जाळून त्याला जिवंतपणीच नरकात धाडल्याचं जाहीर केलं. त्यामुळे शत्रूंचं बोलणं जपूनच घ्यायला हवं. पण पोलिस्सेनाचं नावच न घेणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

आणि लुक्रेत्सिया बोर्जा. पोपची मुलगी. 1493 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पेझारोच्या जोव्हान्नी स्फोर्झाशी तिचं लग्न लावलं, तेव्हा ग्रादारा त्याच्याकडे होता. चार वर्षांत बापाचं राजकारण बदललं, या जावयाचा उपयोग संपला, आणि लग्न झालंच नव्हतं असं ठरवून ते मोडलं. तेरा वर्षांची मुलगी! तिचं दालन बघताना लोक ‘ती विष घालायची ना?’ एवढंच विचारतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रादारा जरूर बघा, पण तो तहासाठी दिल्या-घेतल्या गेलेल्या मुलींचा किल्ला म्हणून बघा. तटावरून समुद्राकडे बघताना त्या इथून काय बघत असतील याचा विचार करा. त्याने किल्ल्याचं सौंदर्य कमी होत नाही.

सान लेओला गेल्यावर हा फरक मला प्रकर्षाने जाणवला. मारेक्किया नदीच्या खोऱ्यातून आत जायचं, रिमिनीपासून तीसेक किलोमीटर. बसच्या फेऱ्या मोजक्या, गाडी भाड्याने घेतलेली बरी. उभ्या कातळावर गाव, गावाच्या वर किल्ला, आणि वर जायला कातळात खोदलेला एकच रस्ता. 1441 मध्ये मोंतेफेल्त्रोच्या माणसांनी रात्री कडा चढून तो मालातेस्तांकडून घेतला. आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नंतर फ्रान्चेस्को दी जोर्जो मार्तिनी या वास्तुविशारदाने तोफांच्या लढाईसाठी त्याची नव्याने बांधणी केली. ते दोन गोल, बुटके, जाडजूड बुरूज त्या वेळचे.

पुढे पोपच्या राज्यात किल्ल्याचा तुरुंग झाला. कालिओस्त्रो, स्वतःला किमयागार म्हणवणारा पालेर्मोचा भामटा, इथे जन्मठेप भोगत होता आणि 26 ऑगस्ट 1795 ला इथेच मेला. त्याची कोठडी बघाच. तिला दार नव्हतं, वरच्या झरोक्यातून माणूस आत सोडायचा, अन्नही तिथूनच. भिंतीत एक खिडकी, तिला एकामागे एक गजांच्या जाळ्या, आणि बाहेर दिसतं ते फक्त गावातलं चर्च, त्याने पश्चात्ताप करावा म्हणून. आत एक लाकडी फळी. बस्स. सजावट नाही, पडदे नाहीत. आम्ही गेलो तेव्हा फळीवर कोणीतरी ठेवलेली सुकलेली फुलं होती. माणूस लबाड होता हे माहीत असूनही तिथे पोटात खड्डा पडतो. किल्ला असा दाखवावा.

कातळ ठिसूळ होत चाललाय. फेब्रुवारी 2014 मध्ये कड्याचा मोठा भाग कोसळला होता. तेव्हा मनात असेल तर लवकर जा.

जेवणाचं एक: पियादिना, म्हणजे तव्यावर भाजलेली मैद्याची जाड पोळी, सगळीकडे मिळते. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण पीठ बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत मळतात. ऑलिव्ह तेलातली मागितली तर बऱ्याच ठिकाणी देतात. आत स्क्वाक्वेरोने नावाचं चीज आणि रुकोलाची पानं घालून घ्या.

रिमिनीहून सान मारिनोला तर सगळेच ग्रुप टूर नेतात. त्याच रस्त्यावर गुरखा युद्धस्मशान आहे. 1944 च्या शरद ऋतूत जर्मनांची ‘गॉथिक लाइन’ ही बचावफळी फोडताना हेच डोंगर, हीच किल्ल्यांची गावं चौथ्या भारतीय डिव्हिजनने लढून घेतली. तावोलेतो गुरख्यांनी घेतलं. सान मारिनोत शेर बहादूर थापा जखमी साथीदारांना वाचवताना पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो या स्मशानात आहे. हिंदू रिवाजाप्रमाणे अग्नी दिलेल्या सैनिकांसाठी तिथे वेगळं स्मारक आहे. आणि पुढच्या वसंतात, 9 एप्रिल 1945 ला, याच रोमान्या प्रांतातल्या सेनिओ नदीच्या काठावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांमधून पलीकडे नेलं आणि परत फिरून शत्रूची मशीनगन ठाणी उडवली. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला माणूस. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात ग्रादाराची ‘प्रेमाची खोली’ असते, हे स्मशान नसतं. बुकिंग करतानाच सांगा की सान मारिनोला जाताना बस तिथे थांबली पाहिजे. आम्ही सांगितलं, आणि थांबली.