चुलीत घातलेला 'हिरा'

उन्हाळ्यात विहिरींची कामं सुरू झाली की तो मेसेज पुन्हा फिरतो: 'काळ्या पाषाणाच्या पोटात चमकणारे खडे सापडले तर फेकू नका, तो कच्चा हिरा आहे, लाखो रुपये मिळतील. काचेवर रेघ उठली म्हणजे अस्सल. चुलीत टाकून बघा, हिरा जळत नाही. हे खडे लोणारला पडलेल्या उल्केतून आले.' आमच्या मेहकर तालुक्यातल्या तीन गटांवर तो आला, म्हणून एकदाचं लिहितो.

काचेचं आधी. काचेची कठीणता मोह्ज मापावर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) साडेपाचच्या आसपास, गारगोटीची 7. म्हणजे बांधावरची कोणतीही गार काचेवर रेघ ओढते. या हिशोबानं आमच्या पांदणीत खजिनाच सांडलाय म्हणायचा! हिऱ्याची कठीणता 10, तो गारेलाही ओरखडा पाडतो.

चुलीची कसोटी मात्र नुकसानीची. परवा शेजारच्या काकांच्या विहिरीत सुरुंगानंतर नारळाएवढी पोकळी उघडी पडली. आत फिकट गुलाबी स्फटिक, मधोमध आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे. काचेवर रेघ उठली नाही, तरी काकांनी निम्मे फोडून निखाऱ्यात घातले. "बाप्पा, हे त पापडावानी फुललं जी!" ते स्टिल्बाइट होतं, झिओलाइट कुळातलं. या स्फटिकांच्या रचनेतच पाणी असतं, आच लागली की वाफ होऊन सुटतं. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं हेच पाहून ग्रीकमधून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं झिओलाइट हे नाव दिलं. आणि हिरा? तो निव्वळ कार्बन. पुरेशी आच नि प्राणवायू मिळाला तर जळतो; फ्रेंच रसायनतज्ज्ञ लाव्हाझिएनं 1772 मध्येच भिंगातून ऊन एकवटून तो जाळून पाहिला होता.

लोणारचा संबंध जोडणं सोपं, पण उलटं. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उल्का त्यावर फार नंतर आदळली. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून स्फटिक वाढले. असेच स्फटिक नाशिक, पुणे, जळगावकडेही निघतात, तिथं कुठलं विवर? लोणारची खरी खूण म्हणजे धक्क्यानं काच झालेलं खनिज, मास्केलिनाइट. ते आणायला मात्र जाऊ नका, सरोवराचा परिसर अभयारण्य आहे.

विदर्भात हिरे नव्हतेच असं मी म्हणत नाही. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. पण तिकडचे खडक वेगळे, लाव्हाच्या कितीतरी आधीचे.

'लाखो रुपये' म्हणाल तर संग्राहक अशा दगडांना पैसे देतात हे खरं. पण अखंड गुच्छाला, त्याच्या काळ्या पाषाणासकट, आणि कुठून निघाला हे ठाऊक असेल तर जास्त. हातोड्यानं सुटे केलेल्या तुकड्यांना कोणी विचारत नाही.

काकांकडचा उरलेला अर्धा मी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणला. चिठ्ठीवर गाव, गट नंबर आणि खोली लिहिली: चाळीस फूट. चुलीतला भुगा काकूंनी राखेबरोबर भांडी घासायला घेतला.