केदारकुंडाच्या पाण्यातली काच

लेकीच्या तळपायाला तीन टाके पडलेत. आत्ता कुठे झोपलीय. मी मात्र संध्याकाळपासून धुमसतेय, म्हणून लिहायला बसले.

आज पाटणादेवीला गेलो होतो. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, आपल्या सगळ्यांचं घरचंच ठिकाण. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली होती. देवीचं दर्शन घेतलं आणि केदारकुंडाची वाट धरली. सागाला फुलोरा आलाय, कातळ शेवाळून हिरवे झालेत, ओढे ओलांडताना पोरगी प्रत्येक वेळी माझा हात घट्ट धरायची. तिचा हा पहिला धबधबा. कुंडाच्या कडेला, घोटाभर पाण्यात तिनं चपला काढून पाय टाकला आणि किंचाळली. बिअरच्या बाटलीची काच. गाळात रुतलेली, वरून काही दिसत नव्हतं.

पाणी लाल झालेलं बघितलं आणि मला नाना आठवले.

मी पाचवीत होते. नाना मला याच वाटेनं केदारकुंडाला घेऊन आले होते. कापडात बांधलेली कळण्याची भाकरी, ठेचा, आणि माझ्या हट्टापायी घेतलेल्या लिंबाच्या गोळ्या. खाली मंदिरापाशी परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गोयीना कागद कथा टाका?" म्हणजे गोळीचा कागद कुठे टाकलास? मी म्हटलं, वरच, कुंडाजवळ. "चाल मांगे." चल मागे. बस, एवढंच. पाऊस भुरभुरत होता, पाय दुखत होते, मी रडत होते. त्या एका कागदासाठी नानांनी मला पुन्हा वर चढवलं.

आणि आज तिथं काय नव्हतं? वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या, झाडाला अडकलेला ओला टॉवेल. वानरं पाकिटं चाटत बसलेली. धबधब्याच्या आवाजावर मात करणारा स्पीकर. अरे, हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे! १९८६ पासून. बिबट्या, अस्वल राहतात इथं. अभयारण्यात कचरा टाकायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, पण कायद्याचं सोडा. देवीसमोर कपाळाला कुंकू लावायचं आणि तासाभरानं तिच्याच डोंगरात बाटली फोडायची? नुसती टाकत नाहीत, फोडतात. कशासाठी, ते मला कुणीतरी सांगा.

भास्कराचार्यांचं नाव निघालं की आपली छाती फुगते. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, पाटणादेवीच्या याच पाटण गावात त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. त्याच गावात आपण काचा पेरतोय.

एक मात्र सांगायलाच हवं. लेक किंचाळली तेव्हा तो स्पीकर लावलेली पोरंच आधी धावत आली. एकानं गाणं बंद केलं, दुसऱ्यानं स्वतःचा रुमाल करकचून बांधला. "ताई, घाबरू नका," म्हणत तिसऱ्यानं तिला पाठीवर घेतलं आणि पार खाली मंदिरापर्यंत आणलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. दोन ठिकाणी घसरला, पण तिला पडू दिलं नाही. नीट आभार मानायचंही मला भान नव्हतं. पोरा, हे वाचलंस तर माझ्या घरी जेवायला ये.

त्यामुळे आता नुसतं 'आजकालची पोरं' असं म्हणता येईना. आणि आपल्या उन्हाळ्यानं भाजलेल्या मुलखात पाणी पडताना बघायला माणसं झुंबडणारच, हेही मान्य. यावं सगळ्यांनी. मी कुणाला येऊ नका म्हणत नाहीये.

पण त्या पोरांना त्यांच्या नानांनी कधी मागे फिरवलंच नसेल का? आपल्यातल्या किती जणांनी आपल्या पोरांना फिरवलंय? मी तरी कुठे फिरवलंय? गाडीतून केळीची सालं फेकते लेक, मी 'विरघळतात' म्हणून गप्प बसते.

कुंडाचं पाणी खाली ओढ्यांना मिळतं, ओढे डोंगरी नदीला, आणि डोंगरी आपल्या चाळीसगावात येते. ३१ ऑगस्ट २०२१ ची सकाळ विसरलात का? डोंगरी आणि तितूर, दोन्ही नद्या पूर येऊन घरात शिरल्या होत्या. वरचं सगळं खालीच येतं.

नाना परतताना तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवून घरी घेऊन आले होते. चुलीत टाकला. मला एक शब्द बोलले नाहीत, उलट रात्री पायाला तेल चोळून दिलं. आज मी काच तिथंच सोडून आले. लेकीला घेऊन पळत सुटले होते, दुसरं काही सुचलंच नाही. पण ती काच अजून तिथंच आहे आणि उद्या दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू त्या पाण्यात पाय टाकेल.

मी रविवारी सकाळी ७ वाजता मंदिराच्या पायथ्याशी असेन. जाड हातमोजे, दोन गोण्या आणि चिमटा घेऊन. कुंडापर्यंत जाईन आणि भरून खाली आणेन. येणाऱ्यांनी जाड तळाचे बूट घाला, चपला नकोत.